फुलटोच्यांची फेरमोजणी

दादाने बांडगुळाची हातभर लांब फांदी आणून बहिणीच्या टेबलावर ठेवली, तेव्हा ती नाश्ता करत होती. जाडसर हिरवी पानं, नळीसारखी केशरी फुलं, टोकाला पिकत आलेली फळं, बांडगूळ कसं तरारलेलं होतं. ते ज्या आंब्याच्या डहाळीवर बसलं होतं ती डहाळी मात्र वाळून काडी झाली होती.

"हे घे," दादा म्हणाला. "तुझ्या पाखरांचं खाणं. माझ्याकडे गाडीभर आहे, रोज आणून देतो."

"चहा घेणार?"

"चहा प्यायला नाही आलो मी."

असं म्हणून त्याने खुर्ची ओढली, बसला, आणि दोन कप चहा प्याला. सख्ख्या भावाचा राग. तो पोटातही मावत नाही आणि दारातून परतही जात नाही.

दादाची आंब्याची बाग डोंगराच्या पायथ्याशी होती, अगदी रानाला लागून. दोन वर्षांपूर्वी वनकचेरीने नियम काढला, की रानालगतच्या बागांमधून बांडगूळ तोडायचं नाही. कारण, रानातले फुलटोचे, ही चिमुकली पाखरं, संपत चालले होते आणि फुलटोचा जगतो तो बांडगुळाच्या फळांवर. आणि फुलटोचे संपत चाललेत हे कचेरीला कोणी सांगितलं? तर दादाच्या धाकट्या बहिणीने. आठ वर्षांपूर्वी एकशे त्रेचाळीस, नियम निघाला त्या वर्षी एकतीस. आकडे तिचे होते, खालची सहीही तिचीच होती.

कचेरीत तिला सगळे ताई म्हणत, दादा एकटा छकू म्हणे. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी छकू म्हणवून घेणं कसं दिसतं हे तिने त्याला अनेकदा ऐकवलं होतं, पण उपयोग शून्य. तरुणपणी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. पलीकडचा माणूस बोलायच्या आधी जो श्वास घेतो, त्यावरून ती नंबर ओळखायची. एक्स्चेंज बंद झालं आणि वनकचेरीला नेमकं तेव्हा पाखरं मोजायला माणूस हवं होतं. तिथल्या जुन्या साहेबांनी तिला एकच प्रश्न विचारला, "कान कसे आहेत?" दाट रानात पाखरू दिसतं दहातून एकदा, बाकी नऊ वेळा ते नुसतं ऐकू येतं. तिने वर्षभरात झाडून सगळ्या पाखरांचे आवाज पाठ केले. तेव्हापासून सत्तावीस वर्षं, डोंगरावरच्या चौतीस ठरलेल्या जागा, प्रत्येक जागी सहा मिनिटं उभं राहायचं आणि जे ऐकू येईल, दिसेल ते वहीत लिहायचं. एकही वर्ष चुकलं नव्हतं.

"माझी सोळा झाडं वठली," दादा म्हणाला. "वडिलांनी लावलेली. आणि मी खाली उभा राहून बघत बसायचं?"

"दादा, नियम कचेरीचा आहे."

"आणि आकडा कुणाचा?"

ताईने रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

"मला एक सांग, छकू. तू म्हणतेस पाखरं राहिली नाहीत. मग माझ्या बागेत हे बांडगूळ दरवर्षी दुप्पट होतंय ते कसं? बी कोण लावतं? मी लावतो?"

ताईकडे यावर उत्तर होतं, निदान तिला तसं वाटलं. फुलटोचा फळ गिळतो, दहा-पंधरा मिनिटांत बी मागून बाहेर येतं, पण ते इतकं चिकट असतं की सुटता सुटत नाही. मग पाखरू फांदीवर बूड घासतं आणि बी तिथेच चिकटून रुजतं. एक पाखरू दिवसात शेकडो बिया लावू शकतं. हे सांगायला तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण हे उत्तर दादाच्या बाजूचं होतं: बांडगूळ दरवर्षी दुप्पट, तर ते लावणारी पाखरं कमी कशी?

"रविवारी येते मी," ती म्हणाली. "बघते."

"ये. डोळे घेऊन ये," दादा म्हणाला आणि फांदी तिथेच टाकून गेला.

रविवारी ती सकाळी नऊच्या सुमाराला बागेत पोचली. दादा पंप दुरुस्त करायला विहिरीवर गेला होता. वहिनी ओसरीत शेंगा सोलत बसली होती. वहिनी म्हणजे दादापेक्षा दहा वर्षांनी लहान, ताईहूनही सहा वर्षांनी लहान, पण नात्याने मोठी, त्यामुळे दोघी एकमेकींना अहो-जाहो करत आल्या होत्या. ताईने शेजारी बसून मूठभर शेंगा पुढे ओढल्या.

"हे चिडलेत हं," वहिनी म्हणाली. "तुम्ही मनावर घेऊ नका, वन्सं. आणि या मेल्याचं काही करता येतं का बघा. सकाळपासून डोकं उठवलंय."

"कुणाचं?"

"हे काय, टिक टिक टिक. आत्ताही चाललंय की."

ताईने कान दिले. विहिरीकडे दादा पाना आपटत होता. लांब कुठेतरी तांबट ठोकत होता. वाऱ्याने पत्रा वाजला. बस्स.

"कुठे?"

वहिनीने शेंग धरलेल्या हाताने समोर दाखवलं. अंगणाच्या कडेच्या आंब्यावर, दहा पावलांवर, बांडगुळाचा मोठा झुबका होता आणि त्याच्या बाहेरच्या काडीवर एक फुलटोचा बसला होता. अंगठ्याएवढं पाखरू, वजनाला दोन पोस्टकार्डं भरतील एवढं. रंग राखी, पाठीवर किंचित हिरवट. ना तुरा, ना थाट. त्याने मान वर केली. चोच उघडली. गळ्याची पिसं थरथरली. चोच मिटली. पुन्हा उघडली.

ताईला काहीही ऐकू आलं नाही.

तिने आधी शेंगा खाली ठेवल्या. मग हात पदराला पुसले. मग म्हणाली, "वहिनी, एक काम कराल? डोळे मिटा. आवाज आला की बोट वर करा."

"खेळ आहे का हा?"

"तसंच समजा."

वहिनीने डोळे मिटले. ताई पाखराकडे बघत राहिली. चोच उघडली की वहिनीचं बोट वर. पाखरू उडालं, पानाआड गेलं, दिसेनासं झालं, तरी वहिनीचं बोट वर. मग डावीकडे मान वळवून ती म्हणाली, "आता तिकडेही आहे एक." दहा मिनिटांत बोट तेवीस वेळा वर गेलं. ताईने ते मोजलं, कारण मोजायची सवय हाडीमाशी होती. त्या तेविसांतला एकही आवाज तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

"डोळे उघडू?" वहिनीने विचारलं. उघडले आणि तिने ताईचा चेहरा पाहिला. "काय झालं?"

"तुम्ही दादाला सांगू नका," ताई म्हणाली. "मी सांगेन."

वहिनीला सगळं कळलं होतं की अर्धं, कोण जाणे. तिने मान हलवली आणि शेंगांचं सूप जवळ ओढलं.

दोन दिवसांनी ताई कानाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांच्याकडे फ्रिजएवढी काचेची खोली होती. तिला आत बसवून कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आधी आवाज भराभर येत राहिले, ती दाबत राहिली. मग येईनासे झाले. तिला वाटलं तपासणी संपली. काचेतून पाहिलं तर बाहेरची मुलगी अजून यंत्राची बटणं फिरवत होती आणि तिच्याकडे बघत होती.

डॉक्टरांनी कागद पुढे ठेवला. एक रेघ डावीकडून निमूटपणे चालत आली होती आणि दोन तृतीयांश वाटेवर कड्यावरून कोसळावी तशी खाली गेली होती.

"माणसांचं बोलणं इकडे, डावीकडे असतं," डॉक्टर म्हणाले. "ते तुमचं ठणठणीत आहे, म्हणून तुम्हाला कळलं नाही. वरच्या पट्टीचे आवाज मात्र गेलेत."

"कधी गेले?"

"एका दिवसात नाही जात ते. केसांसारखं असतं, रोज थोडे गळतात आणि एक दिवस आरशात टक्कल दिसतं. सात-आठ वर्षं तरी झाली असतील."

"यंत्र लावून येतील?"

"बोलण्यासाठी पुढेमागे यंत्र लागलं तर देऊ. पण इतक्या वरचं नाही मिळणार. पाखरांचं म्हणताय ना तुम्ही? नाही."

"म्हणजे माझा वरचा मजला रिकामा झाला म्हणायचा."

डॉक्टर खो खो हसले. ताईनेच केला होता विनोद, पण तिला स्वतःला काही हसू आलं नाही.

घरी येऊन तिने वह्या काढल्या. आधी फुलटोचा, तो तर माहीतच होता. मग चष्मेवाला: आठ वर्षांत निम्म्याहून कमी. मग रानातली आणखी चार बारीक आवाजाची पाखरं: सगळी उतरणीला. मग जाड आवाजाची बघितली. तांबट होते तेवढेच. भारद्वाज तेवढेच. सातभाईंचे तर थवे उलट वाढले होते. रानात रोगराई आली असती तर त्या रोगराईने आवाज बघून पाखरं निवडली नसती. ही पाखरं रानातून गेलीच नव्हती, गेली होती ती ताईच्या कानातून. आणि तिने, सत्तावीस वर्षांच्या अनुभवाच्या ताईने, खाली सही केली होती.

यानंतर तिने काय केलं हे सरळ सांगितलेलं बरं. तिने अकरा दिवस काहीच केलं नाही. कचेरीत गेली, आली. वर्षभराने ती निवृत्त होणार होती, नवा माणूस येईल, त्याला पाखरं ऐकू येतील, आकडे आपोआप वर जातील, लोक म्हणतील नियमाचा फायदा झाला. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. दादाच्या झाडांचं तेवढं बिघडलं होतं, पण ती वठली ती वठली. असं ती स्वतःला समजावत राहिली. रोज भाजी चिरताना हे सगळं पटायचं आणि जेवायला बसलं की पटेनासं व्हायचं.

बाराव्या दिवशी कचेरीतल्या मॅडमनी तिला बोलावलं. मॅडम तिच्याहून पंधरा-एक वर्षांनी लहान, कामाला वाघ, बोलायला फटकळ. "ताई, गुरुवारी सभा आहे. पलीकडच्या खोऱ्यातल्या बागांनाही बांडगुळाचा नियम लावतोय. तुम्ही आकडे सांगा, पाच मिनिटं. लोक तुमचं ऐकतात."

"मॅडम," ताई म्हणाली, "आकडे चुकीचे आहेत."

मग तिने बॅगेतून डॉक्टरांचा कागद काढला आणि वह्यांमधून उतरवलेला तक्ता त्याच्या शेजारी ठेवला. मॅडमनी दोन्ही बघितले.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"बारा दिवस झाले."

"बारा दिवस? आणि आज सांगताय?"

"हो."

"का?"

"हिंमत झाली नाही."

मॅडम उठून खिडकीशी गेल्या, परत आल्या. "याचा अर्थ समजतोय का तुम्हाला? आपला अहवाल छापून झालाय. त्याच्यावरून तीन ठिकाणी कामं चाललीत. असं करू, गुरुवारी मी म्हणते की आकडे पुन्हा तपासायचे आहेत, म्हणून नियम पुढे ढकलतोय. तुमच्या कानांचं कशाला काढायचं? उगीच शोभा."

"बागवाले विचारतील, का तपासायचे."

"मी बघते ना काय सांगायचं ते."

"नाही, मॅडम. आकडा मी सांगितला होता. चुकला हेही मीच सांगते."

मॅडमनी हात जोडले, म्हणजे नमस्काराला नाही, कंटाळून. "तुमची मर्जी. तुम्हाला कोण आवरणार!"

गुरुवारी कचेरीमागच्या हॉलमध्ये चाळीसेक बागवाले जमले. दादा तिसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून. ताईने ठरवलं होतं की सभेआधी त्याला बाजूला घेऊन सांगायचं, पण तो उशिरा आला. खरं तर तो वेळेवर आला असता तरी तिने सांगितलं असतं की नाही, याची तिला खात्री नव्हती.

ती उभी राहिली आणि सांगितलं. माझे कान गेलेत. सगळे नाहीत, बारीक आवाज ऐकू येत नाहीत. फुलटोचे कमी झाले असं मी लिहिलं, ते मला ऐकू आले नाहीत म्हणून लिहिलं. किती आहेत ते मला माहीत नाही. तुम्हाला दोन वर्षं त्रास झाला, त्याची चूक माझी आहे.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "बाई बहिरी झाली आणि रान मुकं ठरवलं!" आणि हशा पिकला. ताईलाही ते वाक्य चांगलं वाटलं. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर तीही हसली असती.

दादा हसला नाही. तो उठून उभा राहिला. आधी तो घाबरल्यासारखा दिसला. धाकट्या बहिणीचे कान गेले हे त्याला या हॉलमध्ये, चाळीस लोकांबरोबर कळत होतं. मग चेहऱ्यावरची भीती गेली आणि राग आला.

"माझं बोलणं ऐकू येतं का तुला?"

"येतं, दादा."

"मग दोन वर्षं मी काय बोलत होतो?"

तो खुर्च्या सरकवत बाहेर निघून गेला.

त्याच्यानंतर तीन आठवडे तो आला नाही, त्याने फोन उचलला नाही. चौथ्या आठवड्यात वहिनीच आली. हातात आंब्यांची पिशवी, चेहरा उतरलेला.

"हे बोलत नाहीत," ती म्हणाली.

"माझ्याशी ना? माहितीये."

"तुमच्याशी नाहीतच, माझ्याशीही नाहीत. मला त्या रविवारपासून माहीत होतं हे बाहेर पडलं. म्हणतात, घरात दोन बायका आणि दोघी एकाच माळेचे मणी. ताट वाढलं की मुकाट्याने जेवतात, मीठ लागलं तर स्वतः उठून घेतात."

"बापरे. स्वतः उठून?"

दोघी हसल्या, आणि हसता हसता ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनीने बघून न बघितल्यासारखं केलं आणि आंबे पाण्यात टाकायला आत गेली.

इकडे कचेरीत पेच पडला होता. नियम मागे घ्यायचा की ठेवायचा, हे ठरवायला खरा आकडा हवा. मॅडमनी आवाज टिपणारी यंत्रं मागवली होती. ती यायला सहा महिने लागणार होते. पाखरं ओळखणारं दुसरं माणूस जवळपास नव्हतं. ताई आत गेली, वहिनीच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, माझ्याबरोबर रानात याल का?"

"मी? मला कावळा आणि चिमणी सोडून काय कळतं?"

"कळायचं माझ्याकडे लागलं. तुम्ही फक्त ऐकायचं. मला ओळखता येतं पण ऐकू येत नाही, तुम्हाला ऐकू येतं पण ओळखता येत नाही. आंधळ्या-पांगळ्याची जोडी."

"आणि यांचा सकाळचा चहा?"

"मीठ उठून घेतात ना? मग चहाही येईल हळूहळू."

पहिल्या दिवशी दोघी पहाटेच पहिल्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. ताईने घड्याळ लावलं. वहिनी अर्ध्या मिनिटात म्हणाली, "अहो, इथे तर बाजार भरलाय!" आणि तिला एकेक आवाज वेगळा सांगता येईना. पहिला दिवस असाच वाया गेला. मग ताईला युक्ती सुचली. वहिनीने आवाज स्वतःच्या तोंडाने काढून दाखवायचा, आपल्या जाड आवाजात. त्याने पट्टी खाली यायची आणि ताल तोच राहायचा. वहिनी आधी लाजली. आजूबाजूला झाडांशिवाय कुणी नाही याची खात्री करून घेतली आणि ओठ पुढे काढून म्हणाली, "चिक्. चिक् चिक्. चिक्."

"फुलटोचा."

"सीऽ सीऽ सीऽ, पण बरेच जण एकदम."

"चष्मेवाले. किती?"

"पाच. नाही, सहा. एक मागे राहिलाय."

तिसऱ्या दिवसापासून वहिनीला विचारावं लागेना. "फुलटोचा, उजवीकडे, वर. दुसरा त्याच्या पलीकडे." ताई लिहीत गेली. सत्तावीस वर्षं तिने हे काम एकटीने केलं होतं आणि आता दुसऱ्या बाईच्या तोंडून रान ऐकणं तिला पहिल्यांदा जड गेलं. वहिनीच्या गळ्यातून एखादं पाखरू निघालं की ताईला ते आठवायचं, आठ-दहा वर्षांपूर्वी याच दगडापाशी ऐकलेलं. मग ती खाली मान घालून आकडा लिहायची.

चौदा सकाळींत दोन फेऱ्या पूर्ण झाल्या. खालच्या तेवीस जागांवर फुलटोचे होते तेवढेच होते, दोन-तीन ठिकाणी जरा जास्तच. दोन्ही फेऱ्यांची सरासरी एकशे अठरा. पण वरच्या अकरा जागांवर, जिथे पूर्वी पंचवीस-तीस सापडत, तिथे दोन्ही वेळा शून्य. वहिनीने कानामागे हात धरून ऐकलं, डोळे मिटून ऐकलं. शून्य.

"माझंही काही बिघडलं का?" तिने घाबरून विचारलं.

"नाही. चष्मेवाले ऐकू आले ना तुम्हाला इथे? मग कान बरोबर आहेत. इथले फुलटोचे खरंच गेलेत."

ताईने हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या आधी वैतागल्या. आठ वर्षं सगळ्याच जागांचे आकडे खाली येत होते, म्हणून वरच्या टोकाला काही वेगळं घडतंय हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. खोट्या घसरणीच्या पोटात एक खरी घसरण लपून बसली होती. मॅडमनी दुसऱ्याच आठवड्यात वरच्या झाडांची पाहणी लावली आणि त्याच दिवशी बागांचा नियम मागे घेतल्याचा कागद काढला. कागदावर कारण लिहिलं होतं: मोजणीत चूक. त्याच्याखाली ताईने मागून घेऊन सही केली.

दादाने कागद मिळाला त्याच दिवशी करवत काढली. ताई बागेत गेली तेव्हा तो शिडीवर होता आणि खाली बांडगुळांचा ढीग पडला होता. त्याने तिला पाहिलं, ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. ती शिडी धरून उभी राहिली. तासाभराने तो खाली उतरून पुढच्या झाडाला शिडी लावू लागला, तेव्हा ती म्हणाली, "दादा, इथे जरा थांब."

"आता काय?"

तिने वर दाखवलं. बांडगुळाच्या झुबक्याखाली कोळिष्टकाने आणि कापसासारख्या तंतूंनी विणलेली तपकिरी पिशवी लोंबत होती, मुठीएवढी, बाजूला भोक. भोकातून दोन पिवळट चोची आ वासून होत्या.

"कायदा आहे का?" दादाने विचारलं.

"नाही. आता नाही."

"मग?"

"मग काही नाही. पिल्लं पंधरा दिवसांत उडतील."

दादाने वर बघितलं. "ओरडतायत का ती?"

"मला काय विचारतोस?"

हे तोंडातून निघून गेलं. मग दादाने ओसरीकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए, बाहेर ये जरा! ही पिल्लं ओरडतायत का बघ!" वहिनी हात पुसत आली, तिने कान दिला आणि म्हणाली, "भुकेने नुसता आकांत मांडलाय." दोन महिन्यांत नवरा-बायकोचं हे पहिलं बोलणं.

"पंधरा म्हणजे पंधरा," दादा ताईला म्हणाला. "सोळाव्या दिवशी करवत."

सोळाव्या दिवशी त्याने ते बांडगूळ खरंच कापलं. पिशवी चार दिवसांपूर्वीच रिकामी झाली होती. वठलेली सोळा झाडं त्याने त्याच हंगामात तोडली आणि त्या जागी रोपं लावली. त्यांना फळ धरायला बरीच वर्षं लागतील आणि तोवर आपण असू की नसू, हे तो ताईला प्रत्येक भेटीत ऐकवतो. ती ऐकून घेते.

ताईने निवृत्तीचा अर्ज दिला होता, पण मॅडमनी तो परत पाठवला. वहिनीची नेमणूक झाली आणि तिने स्पष्ट सांगितलं की वन्सं नसतील तर मी येणार नाही. त्यामुळे वहीत आता दोन रकाने आहेत, ऐकणार आणि लिहिणार, आणि दोन सह्या. वहिनीला सही करायला अजून वेळ लागतो. ती आधी बोटं पुसते. यंत्रंही आली. ती झाडांना बांधली आहेत आणि त्यांचा आकडा या दोघींच्या आकड्याच्या थोडा मागे-पुढे येतो.

वरच्या अकरा जागांवरचे फुलटोचे का गेले हे अजून कळलेलं नाही. पाहणीवाल्यांचं म्हणणं, तिथली जुनी झाडं आतून पोकळ होतायत आणि बांडगूळच रुजत नाही. मॅडमना ते पटलेलं नाही. या वर्षीच्या फेरीत दोघी शेवटच्या जागेवर पोचल्या तेव्हा ऊन वर आलं होतं. वहिनीचे गुडघे दुखत होते. तिने दगडावर टेकत विचारलं, "वन्सं, इथे काही नाही हे आपल्याला ठाऊक आहे. शून्य लिहायलाही सहा मिनिटं उभं राहायचं का?"

"हो," ताई म्हणाली आणि घड्याळ लावलं.

वहिनी कुरकुरत उठली, कानामागे हात धरून उभी राहिली. ताई तिच्याकडे बघत उभी राहिली.